आकसण्यापुरती सूट

उद्यमबागेत मी पॅटर्न करतो, सागवानाचे.
लोखंड निवताना आकसतं,
मीटरमागं दहा मिलिमीटर,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं धरायचं.
ही सूट माझ्या बोटांना पाठ आहे.
फॉर्मच्या चौकोनांना ती ठाऊक नाही.
बेळगुंदकर लिहिताना शेवटचं अक्षर
दर वेळी रेघेबाहेर राहतं.

नव्वद दिवसांत परतणाऱ्यांची एक रांग,
नव्वदच्या पुढं राहणाऱ्यांची दुसरी.
मी दुसऱ्या रांगेतला.
वैजू तिकडं म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स,
तीन वर्षं होतील पुढच्या महिन्यात.

लग्नाचा दाखला कन्नडात.
शाळेचा मराठीत, मौजे बेळगुंदी.
पासपोर्टात बेलगाम, आधारवर बेळगावी,
आणि तोंडात बेळगाव.
बंगळूरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या,
यातलं तुमचं कोणतं?
म्हटलं, ऊरु ओंदे, मेडम. गाव एकच.
त्या हसल्या नाहीत.
मागं शिक्के मारणारा हसला, तो निपाणीचा निघाला.

मग कोर्टासमोर बसून, बॉंडपेपरवर,
गाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र.
माझा बाप पाळण्यात असताना
पाळणा न हलवता राज्य बदललं.
तेव्हा कुणी
त्याच्याकडनं फॉर्म भरून घेतला नव्हता.

माणशी अमुक चौरस मीटर जागा हवी, असंही आहे.
वैजूनं खोली मोजली.
जाताना माझी जुनी पट्टी नेली होती तिनं, आठवण म्हणून.
पॅटर्नची पट्टी ती. तिच्यावरचा मीटर
खऱ्या मीटरपेक्षा बोटभर मोठा.
खोली कमी भरली.
रात्रभर ती झोपली नाही.
सकाळी म्हटलं, अगं, साधी टेप घे.
टेपनं बसली.

आणि भाषा.
टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ, झेरॉक्सच्या माडीवर,
संध्याकाळी सहाला.
बारावीनंतरची पोरं, आणि मी,
नखांत फेव्हिकॉल.
कुलगोड मिस म्हणाल्या, तुम्हाला सोपं, काका,
तुमच्यात तो-ती-ते आहेच,
आमच्या कन्नडात वस्तू सगळ्या एकाच माळेच्या.
सोपं कुठलं!
तिकडं सूर्य बाई आहे.
टेबल पुरुष. दार परत बाई.
पोरगी म्हणजे 'ते',
पण आपणही लाडानं पोरगं म्हणतोच, ते चाललं.
घर मात्र दोन्हीकडं 'ते'.
हे मी रात्री साडेअकराला फोन करून वैजूला सांगितलं.
ती नुकती कामावरनं आलेली.
म्हणाली, जेवलासा काय?

नऊ महिने गेले त्यात.
भट्टीतल्या बिहारी पोरांशी हिंदी,
मालकाच्या पोराशी कन्नड,
आणि रंधा मारताना तोंडातल्या तोंडात
इश हाइसे भरमू, इश हाइसे भरमू.
साठ लागत होते, चौसष्ट पडले.

मंगळवारी वैजूचा फोन, अवेळी.
नियम बदलला म्हणे.
आम्हां नर्सांच्या नवऱ्यांना आता भाषा लागत नाही.
आं?
लागत नाही. फुकट शिकलासा.
दोघंही गप्प.
मग तिकडनं तिला हसू फुटलं,
तीन वर्षांत तसं हसली नव्हती,
आणि मी रंधा हातात धरून
भुश्शात खाली बसलो.

बुधवारी सहाला माडी चढलो.
मिस म्हणाल्या, काका, तुमचं तर झालं?
वैजूही तेच विचारते, आता कशाला जातासा.
तिला म्हटलं, थोडं जास्तच धरलेलं बरं,
निवताना कमी होतं.
मिसना एवढं सांगत बसलो नाही.
फळ्यावर नवा धडा होता, भूतकाळाचा.
म्हटलं, 'राहत होतो' कसं म्हणायचं,
तेवढं शिकून जातो.